ब्लेंडरच्या फुकट शॉर्ट फिल्म्स: सिंटेल आधी बघा, एलिफंट्स ड्रीम नंतर

फुकट आहे म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टसारखं काहीतरी असणार असं वाटत असेल तर सिंटेल लावा. २०१० ची फिल्म, जेमतेम पंधरा मिनिटं, एक मुलगी आणि तिने वाढवलेलं ड्रॅगनचं पिल्लू. शेवट सांगत नाही पण तो पोटात गोळा आणतो, आणि मग परत पहिल्यापासून बघितली की लक्षात येतं अरे हे तर आधीच दाखवलं होतं की, आपणच बघितलं नाही. आता चेहरे जरा जुनाट, प्लास्टिकसारखे वाटतात, पण गोष्ट एवढी पक्की आहे की दोन मिनिटांत ते विसरायला होतं.

ह्या सगळ्या फिल्म्स ब्लेंडर नावाच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरच्या टीमने ॲम्स्टरडॅमला बनवल्यात. खरा हेतू सॉफ्टवेअर सुधारणं, म्हणजे फिल्म करताना जे अडेल ते तिथेच बनवून घ्यायचं, म्हणून २००८ च्या बिग बक बनीत सशाची फर आणि गवत एवढं जीव लावून केलंय. तो जाड ससा आणि त्याला छळणाऱ्या तीन खारीबिरी, डायलॉग एकही नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही. विनोद थोडे बाळबोध आहेत पण हसू येतंच.

पहिली, २००६ ची एलिफंट्स ड्रीम, मला नाही झेपली. दोघंजण एका अवाढव्य मशीनमध्ये फिरतायत आणि बोलतायत, काय बोलतायत ते त्यांनाच माहीत. दिसायला विचित्र सुंदर आहे, बास. २०१९ ची स्प्रिंग बघितली की मधल्या वर्षांत ब्लेंडर कुठल्या कुठे गेलं ते कळतं, डोंगर, धुकं, मुलीचे लोकरी कपडे, काय प्रकाश आहे राव! गोष्ट मात्र पातळ, दृश्यांवरच निभावून नेलंय.

बोनस म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, बनवणाऱ्यांचं नाव दिलं की कॉपी करा, कुठेही दाखवा, कापून स्वतःचं काहीतरी बनवा, कोणी अडवत नाही. मूळ फाइल्सपण मिळतात, ॲनिमेशन शिकणाऱ्यांसाठी हा खजिनाच, फक्त एक लक्षात ठेवा, २.८० व्हर्जनपासून ब्लेंडरचा जुना रेंडरर (सीनवरून शेवटचं चित्र बनवणारा भाग) काढून टाकलाय, त्यामुळे बनी किंवा सिंटेलचे सीन आत्ताच्या ब्लेंडरमध्ये उघडले तर मटेरियल, लाइट सगळं बिघडलेलं दिसतं. जुनं व्हर्जन ब्लेंडरच्या साइटवर असतं ते घ्या.

लहान मुलांना कॅमिनांडेस लावून द्या, पॅटागोनियातला लामा, पहिला भाग तर दीडेक मिनिटाचा. कॉसमॉस लाँड्रोमॅट मात्र मेंढा बघून लावू नका हां, तो जीव द्यायला निघालेला असतो आणि पुढचा भाग काही आलाच नाही.