काटोलच्या नावाने मला विकलेली धातुमळी

बनावट अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेले म्हणून खपवलेले खोटे तुकडे, विकत घेण्यात माझे १,१४,४५० रुपये गेले आहेत. ते राइस पुलरच्या नादाने गेलेले नाहीत, हे मी आधीच स्पष्ट करतो. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या भांड्याला परदेशी संस्था कोट्यवधी रुपये देतात, अशा थापा मारणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या मीही वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. त्यांना बळी पडणाऱ्यांविषयी शिक्षकांच्या खोलीत बसून मी जे बोलत असे, ते आठवले की आज मान खाली जाते. मी ३१ वर्षे शाळेत भूगोल शिकवला. आकाशात जळताना दिसते ती उल्का आणि जळून उरलेला जो भाग जमिनीवर पोचतो तो अशनी, हा फरक मी शेकडो मुलांना समजावून सांगितला आहे. निवृत्तीनंतर मी लहान लहान अशनी जमवू लागलो, ते पैसे दुप्पट करण्यासाठी नव्हे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातून आलेला दगड आपल्या तळहातावर असावा, एवढीच माझी हौस होती.

विक्रेत्याची ओळख खनिजे जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून झाली. त्याने पहिला नमुना खरा दिला, आणि या प्रकारातली सगळी मेख तिथेच आहे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी रशियाच्या अतिपूर्वेला सिखोटे-अलिन पर्वतात पडलेल्या लोखंडी अशनीचा ३८ ग्रॅमचा तुकडा त्याने मला ५,२०० रुपयांना विकला. मऊ मातीत अंगठे दाबावेत तसे खळगे त्यावर होते. मी अमोनिया आणि डायमिथाइलग्लायऑक्झाइम कापसाच्या बोळ्यावर घेऊन तपासणी केली. बोळा गुलाबी झाला, म्हणजे निकेल निघाले. लोखंडी अशनीत निकेल असतेच, साधारण पाच टक्क्यांहून अधिक असते. माझा विश्वास बसला तो या तपासणीवर, त्याच्या गोड बोलण्यावर नव्हे. एका नमुन्याची तपासणी दुसऱ्या नमुन्याला लागू होत नाही, हे मात्र मी विसरलो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासा, मग तो देणारा सख्खा भाऊ का असेना.

पुढे डिसेंबरात त्याने मला काटोलच्या तुकड्याविषयी कळवले. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी दुपारी मोठ्या आवाजासह अशनींचा वर्षाव झाला होता, आणि तेव्हा त्या बातम्या मी वर्गात वाचून दाखवल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात पडलेला अशनी आपल्या घरी येणार, या विचाराने मी हुरळून गेलो, हे कबूल करतो. तुकडा २१२ ग्रॅमचा होता आणि भाव ग्रॅमला ३०० रुपये, म्हणजे एकूण ६३,६०० रुपये. एका शेतकऱ्याच्या घरात तो इतकी वर्षे पडून होता, असे त्याने सांगितले. काटोलचे तुकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने गावोगाव फिरून गोळा केले होते, हे मला ठाऊक होते. मग एवढा मोठा तुकडा खासगी हातात कसा उरला आणि तो विकण्याचा अधिकार कोणाला आहे, हे मी विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

आता त्या क्षणाविषयी लिहितो. पैसे पाठवण्यापूर्वी त्याने प्रमाणपत्राचे छायाचित्र पाठवले आणि त्यावर ‘काटोल, एच५’ असे छापलेले होते. काटोलचा अशनी एल६ आहे, हे मला पाठ होते. एच गटातल्या दगडांत लोह जास्त असते, एल गटात कमी असते. पुढचा आकडा तो दगड आपल्या मूळ पिंडात असताना किती तापला होता ते सांगतो, आणि सहाव्या पायरीला काँड्रूल नावाचे गोल दाणे भोवतीच्या खडकात विरघळल्यासारखे पुसट होतात. मी लगेच फोन केला. ‘सर, टायपिंगची चूक झाली, तुमच्यासारखा जाणकार भेटला म्हणून कळली,’ असे तो म्हणाला आणि दहा मिनिटांत दुरुस्त प्रमाणपत्र आले. त्यावर क्रमांक तोच होता, तारीख तीच होती आणि सहीसुद्धा रेषेगणिक तीच होती. कोणती प्रयोगशाळा दहा मिनिटांत नवे प्रमाणपत्र देते? हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आला होता, खरोखर आला होता, आणि ‘जाणकार’ या एका शब्दाने मी तो गिळला. रात्री झोप लागत नाही ती गेलेल्या पैशांमुळे नव्हे, त्या दहा मिनिटांमुळे. मी त्याला ‘थांबा, आधी माहीतगाराला दाखवतो’ एवढे म्हटले असते तरी तो पळाला असता.

मी २०,००० रुपये आगाऊ दिले आणि उरलेले ४३,६०० दुसऱ्या दिवशी पाठवले. त्याच आठवड्यात त्याने लोखंडी अशनीची घासलेली चकती ४८,५०० रुपयांना गळ्यात मारली आणि प्रमाणपत्रे व कुरिअर यांचे २,३५० रुपये वेगळे घेतले. चकतीवर एकमेकींना छेदणाऱ्या सुंदर पट्ट्या होत्या. या पट्ट्यांना विडमानश्टेटन आकृती म्हणतात. फुटलेल्या लघुग्रहाच्या गाभ्यातले लोखंड आणि निकेल लाखो वर्षे अतिशय सावकाश थंड होताना त्या तयार होतात, त्यामुळे कारखान्यात त्या घडवता येत नाहीत. पृष्ठभागावर कोरता मात्र येतात. खऱ्या चकतीत पट्ट्या धातूच्या आरपार असतात आणि कडेवरही चालू राहतात. माझ्या चकतीच्या पट्ट्या काठाशी चाकूने कापल्यासारख्या थांबल्या होत्या. कड पाहा, नेहमी कड पाहा. पार्सल उघडल्यावर मी ती पाहिली ती चौथ्या दिवशी. मग कापसाचा बोळा फिरवला तर तो पांढराच राहिला.

महाविद्यालयात भूविज्ञान शिकवणाऱ्या एका परिचितांनी ‘काटोल’चा तुकडा भिंगाखाली धरला आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवला. कापलेल्या बाजूवर बारीक गोल बुडबुड्यांच्या पोकळ्या होत्या, ज्या अशनीत जवळपास कधीच आढळत नाहीत. ती भट्टीतून निघणारी धातुमळी, म्हणजे स्लॅग होती, आणि तिच्यात अडकलेले लोखंडाचे थेंब मी अशनीतले धातूचे कण समजलो होतो. चुंबक चिकटला म्हणून अशनी ठरत नाही. चुंबक मळीला चिकटतो, मॅग्नेटाइटला चिकटतो, आपल्या काळ्या कातळाच्या कित्येक दगडांनाही ओढला जातो.

यानंतरचे अनुभव मला फसवणुकीपेक्षा अधिक बोचले. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ‘काका, दगडाला एवढे पैसे कोण देतो?’ असे चार लोकांसमोर विचारले गेले. तिथून मला सायबर विभागाकडे पाठवले. माल मिळाला आहे, त्यामुळे हा ग्राहकाचा दिवाणी वाद आहे, असे त्या विभागाने सांगितले. बँकेने व्यवहार मी स्वतः मंजूर केल्याचे लेखी कळवून हात झटकले. तिसऱ्या खेपेला एका अधिकाऱ्याने उलट मलाच विचारले की, काटोलचा अशनी ही सरकारी वस्तू असेल तर तुम्ही ती विकत घेतलीच कशी? मग तो दगड बनावट असल्याचा सरकारी दाखला आणा, असे सांगितले. ज्या सरकारी कार्यालयात मी गेलो त्यांनी खासगी नमुन्याचा दाखला देत नसल्याचे सांगितले. दगड खरा असेल तर मी गुन्हेगार, आणि खोटा असेल तर तो खोटा आहे हे सिद्ध करण्याचा भार पुन्हा माझ्यावर! पाच खेपा घातल्या, तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. तक्रार अर्जाची पोच तेवढी हातात आहे. पैसे गेल्याचे कळताच त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपायी २३ दिवस घरात कोणाला सांगितले नाही, पत्नीलाही नाही, आणि तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते.

कोणताही विक्रेता अशनीचे नाव सांगत असेल, तर ते नाव मेटिऑरिटिकल सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या खुल्या यादीत शोधा आणि गट, तारीख व ठिकाण स्वतः ताडून पाहा. यादी मोफत आहे. मी ती पाहिली होती, म्हणूनच माझा संताप अधिक आहे.

गेल्या आठवड्यात गटातल्या एकाने मला विक्रीचे एक नवे छायाचित्र पाठवले. दगड तोच आहे, डाव्या कोपऱ्यावरची तिरपी खरवडसुद्धा तीच आहे, म्हणजे मला पाठवलेले छायाचित्रच त्याने पुन्हा वापरले आहे. आता त्याचे नाव ‘लोणारचा अशनी’ झाले आहे आणि किंमत ७५,००० रुपये. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसाल्टमध्ये घडवणाऱ्या त्या मूळ अशनीचा तुकडा तिथे हाती लागलेला नाही, शिवाय तो परिसर अभयारण्य आहे. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी छापून मी सोमवारी पोलीस ठाण्यात दिली. मूळ अर्जाला जोडून ठेवतो, असे मला सांगण्यात आले.