लाउ पा सात, सिंगापूर: पहिल्या संध्याकाळी पाच जणांचं पोट

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. हॉटेलवर बॅगा टाकून बाहेर पडलो तेव्हा तिथे साडेसात वाजले होते, आणि आमच्या पोटात पाच. म्हणजे चहा-चिवड्याची वेळ. त्यात सासरे (अण्णा) माळकरी, नवरा मटणवाला, मुलगी ‘काहीही चालेल’ म्हणून ऐनवेळी नाक मुरडणारी आणि धाकटा पेंगुळलेला. अशा मंडळींना एका टेबलाभोवती बसवून मेनूकार्ड देणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. मला हवी होती जिथे थोडं थोडं खाता येईल, हिंडता येईल आणि उशिरा खरी भूक लागली की पुन्हा बसता येईल अशी जागा. लाउ पा सात हे खाण्याच्या स्टॉलचं ठिकाण चोवीस तास उघडं असतं, म्हणून तिथे गेलो.

ही मुळात जुनी मंडई. अष्टकोनी, लोखंडी कमानींची, वर घड्याळाचा मनोरा. 1894 ची ही इमारत. ओतीव लोखंड ग्लासगोहून आणलेलं. 1980 च्या दशकात मेट्रोच्या कामासाठी अख्खा सांगाडा सुटा केला आणि नंतर परत जोडला. आत शिरल्यावर अण्णा आधी खांबच निरखत बसले. ‘आपल्या पुण्याच्या मंडईच्या वयाची दिसते,’ म्हणाले. चुकले नाहीत, ती 1886 ची आणि तीही अष्टकोनीच. चहूबाजूंनी काचेचे टॉवर आणि मधे हे बुटकं, कौलारू छप्पर. भूक नसेल तरी बघायला जावं.

खरी मजा मात्र बाहेर, बून टॅट स्ट्रीटवर. आठवड्याच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर हा रस्ता गाड्यांना बंद होतो आणि डांबरावर टेबलं मांडतात. कोळशाच्या शेगड्यांवर साते भाजतात, म्हणजे काडीला टोचलेले मसाल्यातले मांसाचे तुकडे. सोबत काकडी, कच्चा कांदा आणि दाण्याची दाट, गोडसर चटणी. ती चटणी आमच्या मुलीने चमच्याने खाल्ली. एक-दोन सुट्या काड्या मिळत नाहीत, ताटच मागवावं लागतं. चिकन, मटण, कोळंबी यांच्यासोबत बीफही असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांनी मागवतानाच स्पष्ट सांगावं. नवऱ्याचं मत: मटण झकास, तिखट शून्य. धूर भरपूर, तेव्हा वाऱ्याची दिशा बघून बसा. उकाडा रात्रीही हटत नाही; उसाचा रस मागवा, लिंबू घालून देतात.

आता अण्णांचा प्रश्न. आत भारतीय स्टॉल आहेत, डोसा आणि प्राटा मिळतो. प्राटा म्हणजे मैद्याचा पदर सुटलेला पराठाच. पण त्याच्यासोबत माशाचा रस्सा वाढायची तिथे सर्रास पद्धत आहे, म्हणून ‘फक्त डाळ’ हे दोनदा सांगायचं. अंड्याचा प्राटाही त्याच तव्यावर होतो. अण्णांनी तवा पाहिला आणि साधा डोसासुद्धा नको म्हणाले. फळं आणि हॉटेलवर ठेवलेल्या आमच्या दशम्या-चटणी यांवर त्यांची रात्र निघाली. त्यांची तक्रार नव्हती, माझी आहे. इतक्या स्टॉलमध्ये कडक शाकाहाऱ्याला निर्धास्त बसता येईल असा कोपरा मला सापडला नाही.

बसायची रीत: टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टेबल कुणीतरी धरलंय, उचलून बाजूला करू नका. स्वतःही तेच करा. टिश्यू आणि पाणी कुणी आणून देत नाही. खाऊन झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा. 2021 पासून तिकडे खाऊगल्ल्यांत हे सक्तीचं झालंय, आधी ताकीद आणि मग दंड. आमच्या धाकट्याची झोप ट्रे ठेवायच्या कामावर उडाली, घरी ताट उचलत नाही तो.

दर वस्तीतल्या साध्या हॉकर सेंटरपेक्षा, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीपेक्षा, चढे आहेत, ऑफिसांच्या भागात ते असायचेच. पाचपैकी चार तारे. माळकरी किंवा जैन मंडळी सोबत असतील तर जवळच्या तेलोक आयर स्टेशनवरून डाउनटाउन लाइनने थेट लिटिल इंडिया गाठा. तिथे सेरंगून रोडवर 1947 पासूनचं कोमला विलास आहे, पूर्ण शाकाहारी. अण्णांना तिथे नेऊन मग रात्री उशिरा सात्यासाठी इकडे यायचं, अडीच तासांचा फरक तेवढ्यासाठी उपयोगी पडतो.