३५०झेड देऊन केमन घ्यावी का? सोळा महिन्यांनंतरचा हिशेब

माझी निसान ३५०झेड २००७ ची, मॅन्युअल. सोळा महिन्यांपूर्वी घेतली. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, ऑफिसला मी ट्रेनने जातो, त्यामुळे ही गाडी रविवारची. गेल्या महिन्यात एका डीलरकडे २००६ ची पोर्शे केमन एस दिसली आणि डोक्यात किडा शिरला.

आधी झेडचं सांगतो. २००७ मध्ये निसानने हिच्यात सुधारलेलं एचआर इंजिन घातलं: साडेतीन लिटर, व्ही६, ३०६ हॉर्सपॉवर. साडेसात हजार आरपीएमपर्यंत चढतं. आवाज गोड वगैरे नाही, चांगला खरखरीत आहे, पण मला तोच आवडतो. स्टिअरिंग वरखाली केलं की समोरचे मीटरही त्याच्यासोबत हलतात, याचं मला अजून कौतुक वाटतं. या इंजिनाच्या गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग, गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गेला की गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या गाडीत तो आधीच्या मालकानेच बदललेला होता, बिलासकट. जुनी गाडी घेताना मी रंगापेक्षा बिलांची फाइल आधी बघतो.

त्रास? क्लच जड आहे. टर्नपाइक हायवेवर टायरचा आवाज एवढा की गप्पा मारायच्या तर ओरडून. डिकीत आडवा जाडजूड दांडा आहे, बॉडी घट्ट राहावी म्हणून. ओक ट्री रोडवरून वाणसामान आणताना तांदळाची पिशवी दांड्याच्या पुढे कोंबायची आणि नारळ मागे. पहिल्याच वळणावर नारळ दांड्यावर आपटतो, टण्! बाबा नाशिकहून आले होते, एकदाच बसले. उतरताना म्हणाले, "अरे, ही गाडी आहे का विहीर?" त्यानंतर ते माझ्या बायकोच्या एसयूव्हीतूनच फिरले.

आता केमन. ट्रायल अर्ध्या तासाचीच, पण त्या अर्ध्या तासाने माझी झोप उडवली. कागदावर ती २९५ हॉर्सपॉवर, म्हणजे झेडपेक्षा कमीच. पण वजनाला दीडशे किलोच्या आसपास हलकी आणि इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मध्यात. झेड वळणात आधी जरा विचार करते, मग वळते. ही तुम्ही बघाल तिकडे निघालेली असते. शिवाय डिक्या दोन, एक पुढे आणि एक मागे. नारळाचा प्रश्नच मिटला!

मग अभ्यासाला बसलो. २००६ च्या इंजिनात आयएमएस बेअरिंग आहे, म्हणजे इंजिनाच्या आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग; ते गेलं की इंजिनच जातं. पोर्शेच्याच जुन्या बॉक्स्टर गाड्यांइतकं ते बदनाम नाही, आकाराने मोठं आहे. पण बदलायचं म्हटलं तर अख्खं इंजिन फोडावं लागतं. त्याहून मोठी धास्ती सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याची, आणि ती केमन एसच्या ३.४ लिटरच्या इंजिनांत जास्त. २००९ पासून इंजिनच नवीन आलं, त्यात हा आयएमएस शाफ्टच नाही. बाहेरच्या मेकॅनिककडून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून तपासणी करून घेतली. भिंती स्वच्छ निघाल्या. खरं तर तिथेच मी सही करायला हवी होती.

पण त्याच दिवशी मी त्याला विचारलं, इंजिन कुठून दिसतं? त्याने मागची डिकी उघडली. तिथे फक्त ऑइल आणि कूलंट भरायची झाकणं. इंजिन बघायचं तर सीटमागचं कार्पेट आणि पॅनेल काढा, नाहीतर गाडी लिफ्टवर चढवा. माझा उत्साह तिथे निम्म्यावर आला. चेतक सुरू होत नसली की बाबा तिला आडवी करायचे आणि मी प्लग पुसून द्यायचो. गाडीचं वेड मला तिथून लागलं. झेडचं बॉनेट उघडलं की सगळं समोर असतं. ऑइल, प्लग, ब्रेक पॅड मी ड्राइव्हवेवर स्वतः करतो, हात काळे होतात आणि रविवार सार्थकी लागतो. केमनमध्ये तेच काम मेकॅनिकच्या तासाच्या दराने होणार.

पैशांचंही जुळेना. डीलरला जुनी गाडी दिली तर इथे सेल्स टॅक्स फक्त फरकाच्या रकमेवर लागतो, ६.६२५ टक्के. तो फायदा धरूनही झेडला त्याने लावलेली किंमत ऐकून मी चहासुद्धा न घेता उठलो. बाहेर विकली तर चांगले पैसे येतील, पण मग टॅक्स पूर्ण रकमेवर.

तर सध्या झेड राहते आहे. एडिसनहून हॅरिमन पार्कातल्या सेव्हन लेक्स ड्राइव्हच्या वळणदार रस्त्यावर जायचं आणि रोजची गाडी वेगळी असेल, तर ही अजूनही पैसा वसूल गाडी आहे. ज्याला स्वतः पाना धरायचा नाही आणि खिसा खोल आहे, त्याने केमन जरूर बघावी, पण २००९ किंवा नंतरची, आणि कॅमेऱ्याची तपासणी केल्याशिवाय एक डॉलरही देऊ नये. मी स्वतः २००९ च्या जाहिराती बघत नाही, असं बायकोला सांगितलं आहे.