ड्रम सँडरचा पेपर सारखा सुटतोय: क्लिपच नीट करायची की वेल्क्रो लावायचं?

ड्रम सँडर म्हणजे फिरत्या ड्रमवर सँडपेपरची पट्टी गुंडाळून खालून जाणारी फळी घासून सपाट करणारं मशीन. त्या ड्रमवर गुंडाळलेला, टोकांना क्लिपने धरलेला पेपर एका टोकाने ढिला पडायला लागला की घरच्या वर्कशॉपमध्ये दोनच रस्ते उरतात. एक तर आहे ती क्लिप नीट करून आधीसारखाच पेपर लावायचा, नाहीतर क्लिपचा नाद सोडून ड्रमवर वेल्क्रोचा हुकवाला पट्टा चिकटवायचा आणि लूपवाला पेपर घ्यायचा. दोन्हीकडची मंडळी आपलंच खरं म्हणून सांगतात, पण तुम्ही त्या मशीनवर काय घासता यावर सगळं अवलंबून आहे.

पेपर फाटला म्हणजे क्लिपच गेली असं लगेच धरू नका बरं का. प्लग काढा आणि ड्रम हाताने वरखाली हलवून बघा, खटखट लागली तर बेअरिंगकडे बघायला पाहिजे. मोटरचा पट्टा उतरवून ड्रम मोकळा फिरवला की खरखर बोटांना कळतेच. सील्ड बेअरिंगला ग्रीस भरत बसू नका, कडेला नंबर असतो तो बघून नवीन टाका. आणि एका पासमध्ये, म्हणजे फळी एकदा ड्रमखालून घालताना, जास्त लाकूड काढत असाल तर कुठलाच पेपर टिकणार नाही. ८० ग्रिटला (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक) पाव ते फार तर अर्धा मिमी आणि १२० च्या पुढे त्याच्याही निम्मं, एवढ्यावर थांबायचं.

आता क्लिप. पेपर गरम झाला की थोडा ताणतो, आणि तो ढिलेपणा ओढून घ्यायला एका टोकाच्या क्लिपला स्प्रिंग असते. बऱ्याचदा स्प्रिंग ठणठणीत असते, पेपर लावतानाच घोळ झालेला असतो. क्लिप पूर्ण ओढून धरायची, पेपरचं शेपूट, म्हणजे क्लिपमध्ये जाणारं टोक, आत सरकवायचं आणि मग सोडायची, म्हणजे पुढे ओढायला तिच्याकडे जागा राहते. ती आधीच तळाला जाऊन टेकली असेल तर ओढणार काय? पेपर पाच मिनिटांत ढिला होतो, एकावर एक चढतो, चढलेल्या जागी जळतो आणि फाटतो. शेपूट खाचेपेक्षा थोडं अरुंदही ठेवायचं, कडेला घासून अडकलं तर स्प्रिंग असून नसल्यासारखीच. हे सगळं करूनही ओढत नसेल तर खाचेत साचलेला भुसा ब्रशने काढा, आणि मगच स्प्रिंग बदलायच्या मागे लागा.

टोकं कापणं हे क्लिपवाल्या पद्धतीतलं खरं डोकेदुखीचं काम. पट्टी ड्रमवर तिरकी गुंडाळली जाते, म्हणून तिची टोकं तिरकी कापावी लागतात. गणित मात्र सोपं आहे. तिरका काप ड्रमच्या काठाभोवती बरोबर एक वेढा बसला पाहिजे, म्हणजे ५ इंची ड्रम आणि ३ इंची पट्टी असेल तर तिरकी कड साधारण १५.७ इंच येते आणि तेवढ्या लांबीत पट्टी शून्यापासून पूर्ण रुंदीवर येते. क्लिपमध्ये जाणारं शेपूट त्याच्या पुढे वेगळं सोडायचं. एकदा नीट बसलेली पट्टी फेकू नका, तोच साचा ठेवून पुढच्या सगळ्या कापा.

वेल्क्रोचं सुख म्हणजे ही कटकट अर्धी होते, टोकं तिरकी कापायची असतातच पण शेपूट नाही, क्लिप नाही, आणि ग्रिट बदलायला दोन मिनिटं पुरतात. अर्धवट वापरलेली पट्टी काढून ठेवून परत लावताही येते. ८० वरून १२०, मग १५० असं दिवसातून चार वेळा बदलत असाल तर हा फरक फार जाणवतो, आणि जाणवला की परत क्लिपकडे वळावंसं वाटत नाही हेही खरं.

पण पेपरखाली गादी आली. ही गादी कटिंग बोर्डच्या कडा जराशा गोल करते, आणि पाईनसारख्या लाकडात मऊ भाग जास्त खाते, कडक रेषा उंच राहतात, वरून बोट फिरवलं की लाटा लागतात. दुसरा प्रश्न उष्णतेचा. हुक प्लास्टिकचे असतात, जोर देऊन घासलं किंवा राळ चिकटून पेपर जळायला लागला की ते वितळून आडवे होतात आणि मग त्या जागी पेपर धरतच नाही. त्यामुळे वेल्क्रोवाल्याने खोल कट घ्यायचा मोह सोडायचा आणि रबरी क्लीनिंग स्टिक हाताशी ठेवायची, चष्मा लावून, ड्रम फिरता ठेवून. क्लिपवाल्यानेही पेपर असाच साफ करायचा असतो, फक्त चुकलं तर त्याची एक पट्टी जाते, वेल्क्रोवाल्याचा खालचा पट्टा पण जातो.

शिवाय वेल्क्रोने ड्रमचा व्यास वाढतो, म्हणजे मशीनवरची कटची खोली दाखवणारी मोजपट्टी खोटं बोलायला लागते, तिचा झिरो नव्याने लावावा लागतो, आणि वरच्या झाकणाला पेपर घासत नाही ना हे हाताने फिरवून आधी बघायचं. पट्टा चिकटवताना क्लिपच्या खाचा पण झाकल्या पाहिजेत आणि दोन्ही टोकांना पेपरवर धाग्याच्या टेपचा एक वेढा दिलेला बरा, उचकटायला तिथूनच सुरुवात होते.

काहीही लावा, नंतर ड्रम टेबलाला समांतर आहे का ते तपासाच. एकाच फळीतून कापलेल्या सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, एक ड्रमच्या या टोकाखाली आणि एक त्या टोकाखाली एकाच सेटिंगवर सोडायची आणि व्हर्नियरने मोजायचं. एक बाजू उघडी असलेल्या मशीनवर रुंद फळी फिरवून दोनदा घालणार असाल तर उघडं टोक केसभर वर ठेवतात, नाहीतर मधोमध पायरी दिसते.

माझं मत विचाराल तर मशीन विकतचं, ड्रम ॲल्युमिनियमचा, आणि काम मुख्यतः जोडलेल्या फळ्या आणि कटिंग बोर्ड सपाट करायचं असेल तर क्लिप दुरुस्त करा, वेल्क्रोच्या वाटेला जाऊ नका. पातळ पट्ट्या, बॉक्सचं काम, हलका हात आणि सतत ग्रिट बदलणं असेल तर वेल्क्रो खुशाल लावा. आणि एमडीएफच्या चकत्या शाफ्टवर ओवून घरी केलेला ड्रम असेल तर प्रश्नच मिटला, त्याला क्लिप बसवायच्या फंदात कशाला पडायचं? फक्त वेल्क्रो लावायच्या आधी सपाट फळीवर जाड पेपर चिकटवून ती फिरत्या ड्रमखालून थोडी थोडी वर घेत ड्रम गोल करून घ्या, नंतर गोल करता येत नाही.

वेल्क्रो जमलं नाही तर परत येता येतं, पण गोंदाचा त्रास आहे. हीट गनने हळूहळू गरम करत पट्टा सोलायचा, ड्रम पूर्ण थंड झाला की खिडकी उघडी ठेवून राहिलेला गोंद थिनरने पुसायचा, आणि ड्रमभर तळवा फिरवून बघायचं. कुठे एक गोळा जरी राहिला तरी पेपर तिथे उंच होतो आणि फळीवर त्याच जागी या टोकापासून त्या टोकापर्यंत खाच पडत जाते.