रजा व्यवस्थापन प्रणालीत तारखा रोखण्याची सोय: वापरानंतरचे परीक्षण

रजा व्यवस्थापनाची प्रणाली निवडताना बहुतेक कार्यालयांचे लक्ष शिल्लक रजेचा हिशेब बरोबर लागतो की नाही याकडेच असते. ठरावीक तारखांना रजा न देण्यासाठी त्या तारखा आधीच रोखून ठेवण्याची सोय कोणी फारशी तपासून पाहत नाही. कर्मचाऱ्यांची नाराजी मात्र बहुधा याच सोयीमुळे ओढवते. म्हणून आमच्याकडे वापरात असलेल्या प्रणालीचे हे परीक्षण मी तेवढ्या एका भागापुरतेच ठेवले आहे.

तारखा रोखण्याची पद्धत सोपी आहे. पहिली आणि शेवटची तारीख द्यायची, बंदी कोणत्या विभागाला लागू आहे ते निवडायचे, कारण लिहायचे आणि नोंद जतन करायची. बंदीचे दोन प्रकार आहेत: पूर्ण बंदीत अर्ज दाखलच होत नाही, तर सशर्त बंदीत तो दाखल होतो, पण विभागप्रमुखांच्या वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी जातो. मला दुसरा प्रकार अधिक मोलाचा वाटतो, कारण हिशेब बंद करण्याच्या आठवड्यातही एखाद्याच्या घरी लग्न असू शकते आणि त्या माणसाला निदान विचारण्याची वाट तरी मोकळी राहते. बंदी विभागवार लावता येते हेही चांगले आहे. मालसाठ्याच्या मोजणीसाठी गोदामातील माणसे हवी असतात, तेव्हा लेखा विभागाची रजा अडवण्याचे काहीच कारण नसते. रोखलेल्या तारखा अर्ज भरण्यापूर्वीच कॅलेंडरवर करड्या रंगात कारणासह दिसतात, त्यामुळे प्रवासाची तिकिटे काढल्यावर नकार मिळण्याची वेळ सहसा येत नाही.

त्रुटी मात्र गंभीर आहेत. सर्वांत मोठी त्रुटी आधीच मंजूर झालेल्या रजेबाबत आहे. नवी बंदी एखाद्या मंजूर रजेवर आली, तर प्रणाली ती रजा रद्द करत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु अशा किती रजा बंदीच्या काळात येतात हेही ती सांगत नाही. परिणामी सगळे कामावर असतील असे विभागप्रमुख गृहीत धरतात, आणि ऐन त्या दिवसांत मंजूर रजेवरील माणसाला फोन जातो. बंदी जतन करतानाच त्या नावांची यादी समोर आली, तर हा प्रसंग टळेल.

दुसरी त्रुटी अशी की, बंदी मुळात सर्व प्रकारच्या रजांना लागू होते आणि आजारपणाची रजा तिच्यातून आठवणीने वगळावी लागते. हे उलट असायला हवे होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या पगारी रजेविषयीच्या १३२ क्रमांकाच्या करारातही रजेचा काळ ठरवताना कामाच्या गरजेबरोबर कर्मचाऱ्याला विश्रांतीची संधी मिळते का हे पाहावे, असे म्हटले आहे. पण तो विचार वार्षिक रजेचा आहे. आजारपणाची वेळ कोणालाच ठरवता येत नाही, म्हणून तिथे बंदीला अर्थच उरत नाही.

लांब रजेच्या मध्ये एकच रोखलेला दिवस आला, तरी संपूर्ण अर्ज नाकारला जातो आणि नेमका कोणता दिवस अडला ते संदेशात येत नाही. मग कर्मचारी दोन स्वतंत्र अर्ज करतात आणि मधल्या दिवसाचा प्रश्न तसाच राहतो.

दरवर्षी त्याच तारखांना येणारी बंदी एकदाच नोंदवता येते, पण 'महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस' असा नियम देता येत नाही. कॅलेंडरच्या नोंदींसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आयकॅलेंडर या प्रमाण स्वरूपात असा नियम लिहिण्याची तरतूद २००९ पासून तरी आहे, तेव्हा हे अशक्य नक्कीच नाही. याच स्वरूपात पूर्ण दिवसाच्या नोंदीची अखेरची तारीख त्या नोंदीत धरली जात नाही. आमच्या प्रणालीने याचे भान ठेवलेले नाही, त्यामुळे ३१ तारखेपर्यंतची बंदी फोनच्या कॅलेंडरमध्ये ३० तारखेलाच संपलेली दिसते.

पुष्कळदा बंदीची गरजच नसते. आठ जणांच्या गटातून एका वेळी दोघांपेक्षा अधिक जण रजेवर नसावेत, एवढीच मर्यादा पुरते. ही सोय प्रणालीत आहे, पण वेगळ्याच विभागात असल्यामुळे ती सापडत नाही आणि प्रमुख सरसकट बंदी लावून मोकळे होतात. ती बंदीच्या पानावरच, पहिला पर्याय म्हणून दिसायला हवी.

या प्रणालीचा विचार करणाऱ्यांनी चाचणीच्या काळात एक मंजूर रजा आणि एक आजारपणाची रजा नोंदवून त्यांवर बंदी लावून पाहावी. सशर्त बंदीतून कोणाला, कोणी आणि का सूट दिली याची नोंद पुरवठादाराकडून उघडून घ्यावी. आमच्याकडे ती फक्त प्रशासकालाच दिसते, आणि ज्याचा अर्ज नाकारला गेला त्याला दुसऱ्याचा का मंजूर झाला हे कळण्याचा मार्ग राहत नाही.