आईचा गुडघा आणि कॉक्रेन लायब्ररी : एका नागपूरकर वापरकर्त्याचा अभिप्राय

नागपूरच्या धंतोलीत एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत चालत गेले, तरी हाडांच्या डॉक्टरांच्या चार पाट्या वाचून होतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका दवाखान्यात माझ्या सदुसष्ट वर्षांच्या आईचा एमआरआय पाहून, गादी झिजून फाटली आहे, दुर्बिणीने साफ करून घेऊ, दोन दिवसांत घरी जाल, असे आम्हाला सांगण्यात आले आणि सोमवारपर्यंत तारीख ठरवण्याची सूचना मिळाली. हाती चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी जी सेवा वापरली आणि त्यानंतरही वापरत राहिलो, त्या कॉक्रेन लायब्ररीविषयी हा अभिप्राय आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो, हे आधीच सांगितलेले बरे.

कॉक्रेन लायब्ररी हा वैद्यकीय संशोधनाच्या पद्धतशीर आढाव्यांचा इंटरनेटवरचा संग्रह आहे. एखाद्या उपचारावर जगभरात झालेल्या चाचण्या, त्या शोधण्याची पद्धत आधीच जाहीर करून, अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही निकालांसह गोळा करायच्या, प्रत्येकीतील त्रुटी तपासायच्या, शक्य असेल तिथे आकडे एकत्र करायचे आणि शेवटी निष्कर्षाबरोबर त्या निष्कर्षाची खात्री किती, हेही लिहायचे, असे हे काम असते. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावाने ही संस्था 1993 मध्ये सुरू झाली. आढाव्यांसाठी औषध कंपन्यांचा आणि उपकरण कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही, असे तिचे धोरण आहे.

शोधपट्टीत गुडघा आणि आर्थ्रोस्कोपी (म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया) हे शब्द इंग्रजीत टाकल्यावर 2022 चा आढावा समोर आला. झिजेच्या गुडघ्यावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या 16 चाचण्या आणि 2105 रुग्ण त्यात आहेत. त्यातल्या चार चाचण्यांची कल्पना मला प्रथम विचित्रच वाटली, कारण त्यांत काही रुग्णांवर नुसती लटकी शस्त्रक्रिया झाली होती. या प्रकारची गाजलेली चाचणी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे 180 रुग्णांवर झाली आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाच्या कातडीला फक्त चिरा दिल्या होत्या, आत काहीही केले नव्हते, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक नव्हते. आढाव्याने अशा चार चाचण्यांतील 309 रुग्णांचे आकडे एकत्र केले, तेव्हा शून्य ते शंभर या वेदनेच्या मापावर लटक्या शस्त्रक्रियेनंतर सरासरी 40.1 आणि खऱ्या शस्त्रक्रियेनंतर 35.5 गुण आले. फरक साडेचार गुणांच्या आसपास, म्हणजे रुग्णाला जाणवेल असा नाही. हालचालीत तर फरक जवळजवळ नव्हताच. या निष्कर्षापुढे ‘उच्च खात्री’ असा शेरा आहे, आणि असा शेरा या संग्रहात फार वेळा दिसत नाही, हे मला पुढे इतर आढावे वाचताना कळले.

मी हे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मग ते ऑपरेशन काहून सांगून राहिले?” याचे उत्तर आढाव्यात नाही आणि ते तिथे असण्याची अपेक्षाही नाही. मात्र लटक्या शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना बरे वाटते, हे त्या आकड्यांतून दिसते. ऑपरेशनने फायदा झाला असे सांगणारा एखादा शेजारी खोटे बोलत असतो असे नाही, आणि दुर्बिणीवर विश्वास असलेले सगळेच डॉक्टर पैशांसाठी बोलतात असेही नाही. दुखणे कमी झाले ते कशामुळे, हे तुलनेसाठी दुसरा गट नसताना कोणालाच ओळखता येत नाही.

शेकडो पानांचा आढावा सामान्य माणसाने अथपासून इतिपर्यंत वाचावा, असे मी सुचवणार नाही. साध्या भाषेतील सारांश आधी वाचावा, मग निष्कर्षांचा तक्ता पाहावा, आणि वेळ उरलाच तर फॉरेस्ट प्लॉट म्हणतात ती आकृती पाहावी. तिच्यात प्रत्येक चाचणीची एक आडवी रेघ असते आणि तळाशी सर्वांचा मिळून एक हिरा असतो. उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’, आणि हिरा तिला टेकत नसेल तर काहीतरी फरक दिसतो आहे, एवढे समजले तरी पुष्कळ झाले. संस्थेचे बोधचिन्ह याच आकृतीवर बेतलेले आहे. मुदतीआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या मातांना स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे का, यावरच्या सात चाचण्या त्यात दाखवल्या आहेत. पहिली चाचणी 1972 मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण सर्व निकाल पद्धतशीरपणे एकत्र मांडायला 1989 उजाडले आणि मधल्या काळात बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना या स्वस्त इंजेक्शनचे मोल उमगलेच नाही. ही हकिकत कळल्यापासून ते चिन्ह मला नुसते चिन्ह वाटत नाही.

आता उणिवा. पहिली अडचण भाषेची आहे. काही सारांश हिंदीत मिळतात, पण मराठी वाचकाला बहुतेक वेळा इंग्रजीवरच भागवावे लागते, आणि ‘मध्यम खात्री’, ‘नगण्य फरक’ असले नेमके शब्द घरी समजावून सांगताना निसटतात. दुसरे असे की आढाव्यावरील वर्ष पाहिल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. गुडघ्याच्या व्यायामावरील 2015 च्या आवृत्तीने वेदना कमी होण्याविषयी बरेच ठाम विधान केले होते, तर 2024 च्या आवृत्तीने अधिक चाचण्या घेऊन तोच फायदा कमी प्रमाणात आणि जास्त सावधपणे मांडला. मला हा त्या कामाचा प्रामाणिकपणा वाटतो, पण जुनी आवृत्ती छापून फायलीत लावून बसलेल्या माणसाची त्याने पंचाईत होते. तिसरे म्हणजे आईचा खरा प्रश्न होता की हळदीकुंकवाला खाली मांडी घालून बसता येईल का. वेदनेच्या आणि हालचालीच्या गुणांत त्याचे उत्तर सापडत नाही.

खर्चाबाबत थोडक्यात सांगायचे तर सारांश सर्वांसाठी मोफत आहेत, 2013 पासूनचे आढावे प्रसिद्धीनंतर 12 महिन्यांनी खुले होतात, आणि आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) तर 2007 मध्येच संपूर्ण देशासाठी वर्गणी भरली होती. त्यामुळे नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यालाच हे वाचता येते, असा समज असेल तर तो सोडून द्यावा.

सोमवारी आम्ही तारीख घेतली नाही. सारांशाची दोन पाने घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि गुडघा मध्येच अडकतो का, कधी पडल्या होत्या का, असे आईला विचारले, कारण हा आढावा झिजेच्या गुडघ्याविषयी आहे, ताज्या दुखापतीविषयी नाही. दोन्ही उत्तरे ‘नाही’ आल्यावर त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली. व्यायामाने किती फरक पडेल, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की थोडा पडेल, आणि तोही केला तरच. 2024 च्या आढाव्याशी हे बऱ्यापैकी जुळत होते. आई आता रोज सकाळी ऊन चढायच्या आत खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम करते, जिना उतरताना अजूनही कठडा धरते, आणि हळदीकुंकवाला शेजारच्या बायका तिच्यासाठी न सांगता खुर्ची मांडतात.