जुन्या फोर्ड ब्रॉन्कोला फ्लेअर: एका संचाचे आणि त्यामागच्या पत्रेकामाचे परीक्षण

जुन्या फोर्ड ब्रॉन्को या ऑफ-रोड गाडीसाठी फ्लेअर, म्हणजे चाकांच्या कमानींवर बसवायच्या बाहेर आलेल्या रुंद पट्ट्या, निवडताना बहुतेक मालक त्यांचा आकार, रंग आणि किंमत पाहतात, पण हे काम किती वर्षे टिकेल ते फ्लेअरच्या आड गेलेल्या, कापलेल्या पत्र्याची कड कशी बंद केली आहे यावर ठरते. म्हणून या परीक्षणात दोन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत: पॉलियुरेथेनच्या लवचीक फ्लेअरचा चार नगांचा संच, आणि मडगार्ड कापून तो बसवून देणाऱ्या एका छोट्या गॅरेजचे काम. दोन्हींच्या उणिवा लिहायच्या असल्यामुळे नावे दिलेली नाहीत. गाडी १९७४ ची, ३०२ घनइंची व्ही-८ इंजिनाची आहे आणि ती दक्षिण कॅलिफोर्नियातील वाळवंटात, खडकाळ आणि रेताड वाटांवर चालते.

१९६६ ते १९७७ या काळात बनलेल्या पहिल्या पिढीच्या ब्रॉन्कोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या धुरांमधले अंतर, अवघा ९२ इंचांचा आहे आणि डोंगरवाटेवर ती जी चपळाई दाखवते, तिचे बरेचसे श्रेय या आखूडपणाला जाते. मात्र तिच्या मागच्या चाकावरची कमान मुळातच बुटकी आहे, कारण त्या काळी कारखान्यातून येणारे टायर साधारण २८ इंच व्यासाचे होते. आज खडकांवर जाणारा मालक ३३ इंचांचा टायर लावू पाहतो, तेव्हा मागच्या मडगार्डचा पत्रा कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अडीच इंचांची लिफ्ट, म्हणजे बॉडी धुरांपासून उंच करणारी स्प्रिंग, बसवली की कापाकापी टळते, असा एक समज आहे. लिफ्टमुळे गाडी उभी असताना टायर आणि पत्रा यांच्यात फट दिसते हे खरे, परंतु चाक खड्ड्यातून उसळून पूर्ण वर जाते तेव्हा धुरा आणि बॉडी यांच्यातले अंतर स्प्रिंगवर नव्हे, तर धुरेची वरची हालचाल अडवणाऱ्या बंप स्टॉपच्या रबरावर ठरते. ते रबर मूळच्या उंचीचेच ठेवले, तर वाढलेल्या त्रिज्येचे अडीच इंच थेट मडगार्डमध्ये घुसतात.

या बाबतीत गॅरेजचे काम वाखाणण्याजोगे होते. कापण्यापूर्वी त्यांनी पुढच्या कॉइल स्प्रिंग काढल्या, मागच्या पाट्यांच्या संचातला फक्त मुख्य पाटा ठेवला, आणि जॅकच्या साहाय्याने प्रत्येक चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचलून पाहिले. पुढची चाके तर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तपासली. पाटा दबून सपाट होत जातो तशी त्याची लांबी वाढते आणि धुरा किंचित मागे सरकते. त्यामुळे गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चाकाच्या केंद्रावरून आखलेली कमान प्रत्यक्षात पुढे पडते आणि टायर मागच्या कडेला घासत राहतो. शिवाय अखंड धुरा एका बाजूने उचलली गेली की वर गेलेल्या चाकाचा माथा आत झुकतो, म्हणजे धोका बाहेरच्या पत्र्याइतकाच आतल्या पत्र्यालाही असतो. हे सारे पाहून त्यांनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो दोन्ही बाजूंना उलटसुलट लावून ताडून पाहिला आणि मगच मास्किंग टेपवर रेघ ओढली. घाईत काम करणारे गॅरेज फ्लेअरच दाराजवळ धरून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवते, आणि तिथेच काम बिघडते.

पुढचे आणि मागचे मडगार्ड कापणे ही दोन अगदी वेगळ्या जोखमीची कामे आहेत. पुढचे मडगार्ड बोल्टने बसवलेले असते. ते बिघडले तर दुसरे आणून लावता येते. मागची बाजू मात्र बॉडीला वेल्ड केलेली असते, आणि तिच्या आत चाकाच्या खोबणीचा वेगळा पत्रा असतो. हे दोन पत्रे मूळ कमानीच्या कडेवर एकमेकांना जोडलेले असतात. कड कापली की तो जोडच निघून जातो आणि दोन पत्र्यांमध्ये उघडी फट पडते, ज्यातून चाकाने उडवलेली वाळू, चिखल आणि पाणी थेट बॉडीच्या पोकळीत शिरते. योग्य पद्धत अशी, की आतल्या पत्र्याला ठरावीक अंतरावर चिरा द्याव्यात, प्रत्येक पट्टी हातोडीने बाहेरच्या पत्र्याला भिडवावी, थोड्या थोड्या अंतरावर टाके घालत वेल्डिंग करावे म्हणजे पातळ पत्रा तापून वेडावाकडा होत नाही, आणि शेवटी एपॉक्सी प्रायमरच्या अस्तरावर सीम सीलर, म्हणजे जोड बंद करणारा लेप, भरावा. गॅरेजने चिरा, हातोडी आणि वेल्डिंग हे सगळे नेटके केले. ठिणग्या उडणार म्हणून मागे असलेली इंधनाची टाकी आधीच उतरवून ठेवली, हेही नमूद करायला हवे. उणीव राहिली ती सीलरमध्ये: बाहेरून दिसणाऱ्या बाजूला तो भरपूर होता, पण खोबणीच्या आतून, म्हणजे जिथे चिखलाचा मारा खरोखर बसतो तिथे, उजव्या चाकामागे काही जागा कोरडीच सोडलेली होती. सांगितल्यावर त्यांनी ती तक्रार न करता भरून दिली. तरीही गाडी ताब्यात घेण्यापूर्वी चाके उतरवून, बॅटरीच्या उजेडात ही कड स्वतः पाहावी. एकदा फ्लेअर चढला की ती पुन्हा सहज नजरेस पडत नाही.

आता संचाविषयी. फायबरग्लासचे फ्लेअर दिसायला रेखीव असतात आणि त्यांच्यावर गाडीचा रंग उत्तम बसतो, परंतु दगडाचा किंवा वाळलेल्या फांदीचा फटका बसला की ते तडकतात. पॉलियुरेथेन वाकून पुन्हा पूर्वस्थितीला येते, म्हणून वाटेवर चालणाऱ्या गाडीसाठी मी तेच पसंत करीन. या संचाची कड पुरेशी रुंद आहे आणि कापताना पाव इंचाचा फरक पडला तरी तो झाकला जातो. ८ इंच रुंद रिमवरचा ३३ बाय १०.५० चा टायर त्याच्या आत व्यवस्थित सामावतो. मागची जोडी बॉडीवर एकसारखी टेकते. पुढच्या जोडीचा बंपरकडचा खालचा टोक-भाग मात्र पत्र्यापासून सुटा राहत होता, आणि हीट गनने गरम करून, दाबून धरूनच तो बसवावा लागला. इतक्या किमतीच्या वस्तूकडून ही अपेक्षा नाही.

सोबत आलेले स्क्रू तर सरळ बाजूला ठेवावेत. पातळ पत्र्यात स्वतःच भोक पाडत जाणारे हे स्क्रू थरथरीने सैल होतात, आणि त्यांनी पाडलेल्या भोकाच्या उघड्या धारेला रंग नसल्यामुळे गंज तिथूनच सुरू होतो. त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, आतून मोठे वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट वापरले, व प्रत्येक भोकाला आधी प्रायमर लावला. भोके पाडताना कमानीच्या मधोमध सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. फ्लेअरमधली भोके बोल्टपेक्षा थोडी सैल ठेवणेही आवश्यक आहे, कारण उन्हाळ्यात हे साहित्य प्रसरण पावते आणि जखडून बसवले असेल तर दोन बोल्टांच्या मध्ये लाटा उमटतात. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये बसणारी रबराची पट्टी संचात आहे आणि ती चांगल्या प्रतीची आहे. ती अनावश्यक शोभा समजून गाळणारे लोक मी पाहिले आहेत; फ्लेअरखाली अडकलेली वाळू त्यांचा रंग थेट पत्र्यापर्यंत घासून काढते. उत्पादकाच्या माहितीपत्रकात आतल्या पत्र्याच्या जोडाबद्दल एक ओळही नाही, ही या संचाची मला सर्वांत गंभीर वाटलेली त्रुटी आहे, कारण घरच्या घरी ग्राइंडर चालवणारा नवखा मालक तेवढ्याच माहितीवर विसंबून मागची बाजू कापून बसतो.

एक गोष्ट कापण्याआधी समजून घेतली पाहिजे. मागची कमान अस्पर्शित असलेल्या ब्रॉन्कोला संग्राहक अधिक किंमत देतात, आणि अशा गाड्या दिवसेंदिवस कमीच होणार. याला एक गमतीदार अपवाद आहे: कॅलिफोर्नियातील लाँग बीचचे शर्यतीच्या गाड्या बांधणारे बिल स्ट्रॉप यांनी तयार केलेल्या आणि फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत विकल्या गेलेल्या ‘बाहा ब्रॉन्को’चे मडगार्ड मुळातच कापलेले आणि फ्लेअर लावलेले होते, तरी तिला आज मोठा मान आहे. अमेरिकी शर्यतपटू पार्नेली जोन्स यांनी १९७१ आणि १९७२ मध्ये मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पातली ‘बाहा १०००’ ही वाळवंटी शर्यत स्ट्रॉप यांच्यासमवेत ‘बिग ओली’ ब्रॉन्कोवर जिंकली, त्या वलयाचा यात मोठा वाटा आहे. आपल्या कापलेल्या गाडीला मात्र ते वलय लाभणार नाही. माझ्या गाडीची मागची बाजू आधीच्या मालकाने कधीतरी ओबडधोबड कापलेली होती, म्हणूनच हा निर्णय सोपा गेला. मूळ कमान शाबूत असेल तर २९ किंवा ३० इंचांच्या टायरवर समाधान मानावे, किंवा खडकांसाठी आधीच कापलेली दुसरी गाडी शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात जुन्या महिंद्र जीपवर असे काम करवून घेण्याचा विचार असलेल्यांनी मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील कलम ५२ आधी वाचावे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर त्यात बंधने आहेत.

हा संच आधीच कापलेल्या गाडीसाठी, मागच्या जोडीपुरता, मी पुन्हा घेईन. विक्रेता जोड्या सुट्या देत असेल तर पुढची जोडी मात्र दुसऱ्या उत्पादकाची पाहावी. गॅरेजची मजुरी संचाच्या किमतीच्या कितीतरी पट झाली आणि ती मला वाजवी वाटली. फक्त सीलर आतून भरण्याचा उल्लेख कामाच्या लेखी अंदाजपत्रकात आधीच करवून घ्यावा.